अक्षरामागे चार रुपये

पुरसो कांदोळकर पहिल्यांदा दुकानात आला
तेव्हा पायांत रबरी चपला होत्या.
प्रभाग सात, सार्वजनिक नळ, लहानशी लादी.
मी दर सांगितला: अक्षरामागे चार रुपये,
जोडाक्षराला सहा.
त्यानं बोटांवर स्वतःला मोजलं,
पु, रु, षो, त्त, म,
आणि म्हणाला, आईनं नाव आखूड ठेवायला हवं होतं.
'मा. श्री.' गाळायला लावलं.
एवढ्यावर मी त्याला मत दिलं.

लादीवर नावं वरून खाली वाहतात:
मंत्री, आमदार, नगराध्यक्ष,
आणि तळाला, सांडपाण्याजवळ, प्रभागाचा माणूस.
तिथं तो पाच वर्षं राहिला.
खोटं कशाला बोलू, खोर्लीचं गटार वाहू लागलं,
धुळेरच्या उतरणीवर दिवे लागले,
रात्री अडीचला हाक मारली
तर रुग्णवाहिकेआधी त्याची स्कूटर यायची.

दुसऱ्या खेपेला 'मा. श्री.' आलं.
उपनगराध्यक्ष झाला त्या वर्षी तो पट्टी घेऊन आला.
आमदाराच्या अक्षरापेक्षा एक सूत कमी ठेव, म्हणाला,
पण एकच सूत.
बाजारातल्या सोपोच्या ठेक्यात काय झालं
मला माहीत नाही.
त्याच्या घरावर दुसरा मजला चढला ते माहीत आहे,
जिन्याची फरशी मीच बसवली.

नगराध्यक्षपद सात महिने, अकरा दिवस.
मासळी बाजाराच्या नव्या शेडची लादी:
साडेतीन फूट बाय दोन, मकराणा,
त्याचं नाव मधोमध.
उद्घाटन शुक्रवारी.
सोमवारी अकरा जण दोन गाड्यांतून
आंबोलीला धुकं बघायला गेले,
गुरुवारी थेट सभागृहात उतरले
आणि हात वर केले.
अकरा विरुद्ध नऊ.
त्या नवांतले दोघे पुढं सांगत फिरले
की मनानं आम्हीही अकरांतच होतो.

शुक्रवारी शेड उघडली.
तारीख तीच, नाव दुसरं,
तीही लादी रात्रभर जागून मीच कोरली.
तिचे पैसे मिळाले.
आधीचीबद्दल पालिकेनं लेखी कळवलं
की आदेश माजी अध्यक्षांचा होता.

मग प्रभाग महिलांसाठी राखीव झाला.
सौ. सुलक्षा पुरुषोत्तम कांदोळकर:
पुन्हा तोच त्त,
आता बायकोच्या नावाच्या पोटात.
पहिलं वर्ष तो तिची फाईल धरून सभेला जायचा,
दुसऱ्या वर्षी दारापर्यंत.
तिसऱ्या वर्षी ती एकटीच दुकानात आली,
चिठ्ठीवर फक्त 'सुलक्षा कांदोळकर'.
मी बाहेर पाहिलं.
तो उन्हात स्कूटर सांभाळत उभा होता.
मधलं नाव विसरलं का, मी विचारलं.
नाही, म्हणाली, मोजून बघा, स्वस्त पडतं.

ती मोठी लादी माझ्या मागच्या पडवीत
सहा पावसाळे टेकून होती.
शेवटी पिएदादला दिली,
सुरी नीट बसायला तिला सपाट दगड हवा होता.
नाव खाली, पाठ वर.
तिला ठाऊक आहे. अख्ख्या रांगेला ठाऊक आहे.
पुरसो शुक्रवारी पिशवी घेऊन येतो तेव्हा ती म्हणते,
पात्रांव, इसवण तुझ्यावरच कापते हं.
तो हसतो, डोकं वेगळं बांधायला सांगतो,
दहा रुपये कमी कर म्हणतो.
ती करत नाही.

परवा तो दुकानात आला.
माझ्याकडं आता हातानं कोरायला कुणी येत नाही,
ग्रॅनाईटवर यंत्र दहा मिनिटांत अख्खं मंत्रिमंडळ उठवतं.
त्यानं खिशातून पैसे काढले,
जुन्या दरानं, मोजून आणलेले,
जोडाक्षराचे सहा धरून.
मी घेतले. का घेऊ नयेत?

जाताना उंबऱ्यावर थांबला.
ती लादी मी कधी पाहिलीच नाही, म्हणाला,
कशी झाली होती?
चांगली, मी म्हटलं.
फक्त त्त जरा फसला होता.