भाग दोन

भाग एक कधी पुरा झालाच नाही.
पैसे संपले, आणि कॅमेरा ज्याचा होता
त्याचं लग्न ठरलं.
म्हणून डार्ला स्वोबोडाने सरळ दुसराच काढला:
मक्यातले मुडदे, भाग दोन.
पहिल्यात काय झालं, ती म्हणते,
ते आयोवात सगळ्यांना ठाऊकच आहे.

रक्त इथेच पिकतं.
मक्याचा पाक, लाल रंग, चिमूटभर कोको,
नाहीतर कॅमेऱ्यात सरबत दिसतं.
वर भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब,
कपड्यांवरून डाग निघावा म्हणून.
निघत नाही.
टायरच्या दुकानामागे चाळीस गॅलन शिजलं,
तो आठवडाभर तालुक्यातल्या माश्या
तिथेच मुक्कामाला होत्या.
आतडी क्रीगर खाटकाने उधारीवर दिली.
मेंदू म्हणजे उकडलेला फ्लॉवर.

आणि हात?
हात मर्ल ऊस्टरहाऊसचा.
म्हणजे, नसलेला.
सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात मका काढायच्या यंत्राने
कोपराच्या वरून नेला. नेला तो नेलाच.
गावात कुणी त्याबद्दल बोलत नाही.
चर्चमध्ये त्याच्या डावीकडे बसणारे
सदतीस वर्षं छताकडे बघून बोलतात.
डार्लाने मात्र विचारलं,
तुमचा थोटा हात दोन दिवस उसना मिळेल का?
मर्ल म्हणाला, चला,
कुणाला तरी त्याचा उपयोग सुचला.

शनिवारी रात्री खेळ.
तिकिटं मी फाडतो, यंत्र मी चालवतो, फरशीही मीच पुसतो,
त्यामुळे थेटर कुठे दुभंगतं ते मला नेमकं दिसतं.
पुढे रेनकोट घातलेली पोरं.
मागे चर्चच्या बायका, मांडीवर पर्स,
कारण कुणाचा ना कुणाचा भाचा त्यात मुडदा आहे.

चाळिसाव्या मिनिटाला पोस्टमनचा मुलगा
मक्यातून लडखडत आला. मेलेला, पण चष्म्यासकट.
त्याने मर्लचा रबरी हात धरला, ओढला.
पंप अडकला.
मग सुटला.
पडद्यावरचा मर्ल त्या कारंज्याकडे
घड्याळात बघावं तसा बघतो, आणि म्हणतो,
"छे! पुन्हा?"

पुढच्या रांगा कोसळल्या. हसून मुरकुंडी.
तातडीच्या वॉर्डातली नर्स तर खुर्चीखाली घसरली,
रोज खरं बघणारी तीच सगळ्यात मोठ्याने.
मागच्या रांगांची दातखीळ बसली.
पाद्री खोकला, आणि खोकतच राहिला,
त्याचं नक्की काय चाललंय ते मी विचारलं नाही.
तिसऱ्या रांगेतला खरा मर्ल
पडद्याकडे बघतच नव्हता. मान वळवून
तो मागे बघत होता.

आर्डिथ, त्याची बायको, उठली.
त्या दिवशी यंत्र बंद करणारी तीच.
एप्रन फाडून बांधणारी तीच.
दारात माझ्यापाशी थांबली,
कोटाची बटणं लावत, वरपासून खालपर्यंत.
मला वाटलं, पैसे परत मागेल.
म्हणाली, "रंग चुकलाय.
इतकं लाल नसतं ते.
दाण्यांवर पडलं की लगेच तपकिरी होतं."

रात्री दोनपर्यंत फरशी पुसली.
कोला कुठला आणि पाक कुठला, पोछ्याला काय कळणार.

त्यानंतर गावात दोन तट पडले.
कॉफीच्या दुकानात एक तट खिडकीशी बसतो,
आणि क्रीगरकडे काही जणी आता सॉसेज घेत नाहीत.
आर्डिथ थेटरात पुन्हा आली नाही.
फक्त मार्चमध्ये एका सकाळी
टायरच्या दुकानाच्या पायरीवर
कोकोचा मोठा डबा ठेवलेला होता.
चिठ्ठी नाही.

मर्लला विचारलं,
तर तो खांदे उडवतो.
दोन्ही.