एका दाताचा फरक

पंचावन्नपर्यंत काही नाही.
पासष्टच्या पुढंही काही नाही.
मधल्या दहात मात्र गाडी
आतून कुणी कडी वाजवावी तशी थरथरते.

आधी काचांना कळतं.
अंबडहून काचा भरतो मी, पाच एमएम, आठ एमएम,
लाकडी घोडीवर तिरक्या उभ्या,
मध्ये रद्दी पेपर, कडेला गोणपाट.
विल्होळीचा उतार लागला की
पाठीमागं बारीक गुणगुण सुरू.
मग गिअरची दांडी.
मग आरशातला मागचा रस्ता पुसट होतो,
एका टँकरचे दोन टँकर.

गाडी दोन हजार सातची.
चार टायर नवे टाकले. बॅलन्सिंग, दोनदा.
सिडकोतल्यानं इंजिनचं माउंटिंग बदलायला लावलं,
पाथर्डी फाट्यावरच्यानं सेंटर बेअरिंग.
प्रत्येकानं पैसे मोजले आणि म्हणाला, आता बघा.
बघितलं.
एप्रिलात घोटीच्या एका बंगल्याची काच
दोरी सोडताना कोपऱ्यातून सरळ गेली,
केस पडावा तशी, आवाज न करता.
घरी कुणी विचारलं नाही कितीची होती.

द्वारकेच्या पलीकडं, टाकळी रोडला, मुस्तकीम मिस्त्री.
गाडीखाली फळकुट सरकवून आडवा झाला
आणि बराच वेळ नुसते त्याचे पाय.
एक हात शाफ्टवर, दुसरा जॉइंटवर,
बांगडी बसते का बघावी तसा
इकडं थोडं, तिकडं थोडं.
क्रॉस ठीक आहेत, खालून म्हणाला.
हा शाफ्ट कुणी खोलला होता?

मालेगावला, मी म्हणालो. होता कुणीतरी.
आता आठवत नाही.

तो काही बोलला नाही.
स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडलं, डिझेलचं फडकं फिरवलं,
काळ्या ग्रीसच्या थराखालून
नखाएवढा एक बाण वर आला.
मग स्लीव्हवर दुसरा.
ये, बघ, म्हणाला. मी वाकलो.
हे दोघं समोरासमोर पाहिजेत.
तुझा एक बघतोय पंचवटीकडं, दुसरा देवळालीकडं.
किती चुकलाय?
एक दात.
दोन टोकांचे फोर्क एका रेषेत असले
तर एक जॉइंट जे बिघडवतो ते दुसरा सावरून घेतो.
नाहीतर दोघं मिळून गाडी हलवतात.

सगळं बंद होतं त्या वर्षी. गॅरेजं, दुकानं, रस्ते.
घरामागं, विटांवर जॅक लावून,
क्रॉस मीच बदलले होते, रात्री.
मोबाईलची बॅटरी धरून पोरगा उभा, बारा वर्षांचा,
डास मारत, उजेड हलवत.
शाफ्टचे दोन तुकडे मी ओढून वेगळे करताना
म्हणाला होता, पप्पा, खडूनं खूण करू का?
मी म्हणालो, कशाला. बसेल तिथं बसेल.
बसलाही. दात दातात जातोच,
हाच तर घोळ आहे.
आता तो सातपूरला आयटीआयला जातो, फिटर.
मागच्या दिवाळीला म्हणाला, गाडी फार हलते.
मी म्हणालो, रस्ता बघ की जरा.

मिस्त्रीनं शाफ्ट काढला, एक दात मागं घेतला,
बाणासमोर बाण.
चार बोल्ट, मग पुन्हा चार.
पिवळ्या रंगाच्या डबीत काडी बुडवून
दोन्ही तुकड्यांवरून एक रेघ ओढली, जाडजूड.
कुणासाठी ही?
पुढं जो खोलेल त्याच्यासाठी.

तीनशे घेतले. वर शंभर देत होतो, नको म्हणाला.
हात पुसत पुसत एवढंच,
मालेगावचा तो माणूस भेटला तर सांग,
ग्रीस मात्र चांगलं भरलं होतं त्यानं.

दुसऱ्या दिवशी माल भरला. चौदा काचा, इगतपुरीच्या.
विल्होळी.
पन्नास. चोपन्न.
पाय आपोआप सैल पडला, सवयीनं.
पुन्हा दाबला.
साठ.
काचा गप्प.
इतक्या गप्प
की मी मान वळवून पाहिलं, आहेत ना.