पहिला सूर खाली लागतो

पहाटेचे चार. उणे एकवीस.
कर्ण्याचं तोंड मुठीत घेऊन उभी आहे,
सीलच्या कातड्याच्या हातमोज्यात,
आजारी पिलू धरावं तसं.
गार पितळ ओठाला लावलं की साल सोलून निघते.
बापाने शिकवलं हे, त्याला त्याच्या बापाने.
लॅब्रेडोरच्या या किनाऱ्यावर शेत नाही वाटून घ्यायला.
एवढंच वाटून घेतलं.

पुनरुत्थानाचा रविवार.
पूर्वी आम्ही बारा वाजवणारे. आज चार:
बोआस, ज्याला दोन ओळींनंतर दम लागतो,
सॅलोमे, मी,
आणि हुल्दा, नऊ वर्षांची,
तिच्या कवेत मावत नाही एवढा बाजा घेऊन.
पाद्री येणार होते. विमान उतरलं नाही.
गेल्या वर्षीही उतरलं नव्हतं.

गल्लीगल्लीतून वाजवत जायचं, घरं उठवायची.
काही खिडक्यांत दिवा लागतो,
काही खिडक्यांतून शिवी येते.
मग टेकडीवर, कबरींपाशी,
उजाडायची वाट बघत.

प्रभू, बोआस दम खातोय तोवर तुझ्याशी बोलते.

या गावाचं नाव आमच्या आज्यांनी नाही ठेवलं.
जहाजातून आलेल्यांनी तुझ्या गोष्टीतून उचलून आणलं: नाईन.
त्या नाईनच्या वेशीपाशी तू थांबलास,
तिरडीला हात लावलास,
विधवेचा एकुलता एक उठून बसला, बोलू लागला.
काय बोलला, ते कुणी लिहून ठेवलं नाही.
मी असते तर लिहिलं असतं.
भूक लागलीय, म्हणाला असेल.

मीही विधवा. मलाही एकच.
पण या नाईनमध्ये तिरडीच नव्हती.
त्या साली बर्फ उशिरा धरला.
रेनाटस स्नोमोबाईल घेऊन लाकडं आणायला गेला
आणि खाडीने त्याला परत दिलं नाही.
हात कशाला लावणार होतास तू?

अविवाहित पोरांच्या रांगेत त्याचा सपाट दगड आहे.
खाली काही नाही.
तुझं थडगं रिकामं, म्हणून लोक गातात.
माझ्या पोराचं थडगं रिकामं,
तेव्हा लोकांनी मला सूप आणून दिलं.

अकरा वर्षं.
त्यातली तीन मी तुझं नाव घेतलं नाही.
कर्णा मात्र घासला, दर शनिवारी,
झडपांना तेल दिलं.
कुणासाठी, विचारू नकोस.
हातांना काहीतरी लागतं.
चौथ्या वर्षी कधीतरी, तेल देता देता,
तुला शिवी दिली. मोठ्याने.
आणि कळलं, ऐकणारं कुणीतरी घरात आहे.

बोआस खोकतो. म्हणतो, ताबेया, चल.
समुद्राच्या बाजूला राखाडी रेघ फुटलीय.
हुल्दाच्या बाजाची झडप गोठली आहे, पोर रडवेली.
मी वाकून तिच्यावर तोंडाची वाफ सोडते.
सुटत नाही. पुन्हा सोडते.
कानटोपीतून तिचा एक डोळा माझ्याकडे बघतोय.
सुटली.

थंडीत पहिला सूर खालीच लागतो.
बाप म्हणायचा, लाजून थांबायचं नाही,
फुंकत राहायचं, पितळ तापतं.

लागला. खालीच लागला.
किनाऱ्यावर कुत्री केकाटली.
रेनाटसच्या दगडावरचा बर्फ मी कालच सारला होता,
रात्रीत पुन्हा पडलाय.

दुसरी ओळ.
हुल्दा, श्वास घे.