शेऱ्याचा रकाना

आमच्या रजिस्टरात शेऱ्याचा रकाना तीन बोटं रुंद.
त्यात 'ब्लोहोल' मावतं, 'वाळू' मावतं, 'थंड धातू' मावतं.
बावीस वर्षं मी एवढंच लिहीत आलो
शिरोलीच्या शेडमध्ये, भट्टीपासून चाळीस पावलांवर,
जिथं पान उलटताना बोटाखाली काळी रेती करकरते.

अनुजाताई पुण्याहून आल्या,
वडिलांच्या खुर्चीशेजारी खुर्ची टाकली,
पांढऱ्या पडद्यावर आलेख दाखवले.
निळी रेघ खाली यायला हवी, म्हणाल्या.
पोरांनी माना हलवल्या.
रेघ खाली आली.
कशी आली ते फेटलिंगवाल्यांना विचारा:
भोकात काळी लांबी भरायची, अंगठ्यानं दाबायची,
वर रेडऑक्साइडचा एक हात.
माल पास. रेघ खूश.

मला माहीत होतं. माझ्या रकान्यात त्याला शब्द नव्हता.
किंवा होता, आणि मी तो लिहिला नाही.

मग एका मंगळवारी, सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला,
ताईंनी पडदा लावलाच नाही.
उलट्या घातलेल्या लेडलवर बसल्या
नि म्हणाल्या, 'गेल्या मार्गशीर्षात चाळीस ड्रम
मी डोळे झाकून पाठवले. बिल अडलं होतं.
त्या रात्री मला झोप लागली.
ते जास्त वाईट.'

कुणीच बोलेना. पंखा तेवढा घरघरत होता.
मग दस्तगीरमामा मुजावर, साचेवाला,
ज्याच्या तोंडून आजवर फक्त 'बरं' बाहेर पडलेलं,
रुमालानं मान पुसत म्हणाला:

'मी भरलीया लांबी. एकदा न्हाई, लै खेपंला.
मग एकदा मेव्हण्याच्या ट्रकात बसून
साखर घिऊन करूळचा घाट उतरालतो.
ड्रम फुटला.
मेव्हण्यानं गाडी डोंगराला घासली, तवा थांबली.
दोघं बी जित्तं ऱ्हायलो.
मी बॅटरी घिऊन तुकडं हुडिकलं, नंबर बघाय.
नंबराचा तुकडा दरीत गेल्याला.
माझा हुता का? आपल्या शेडचा तरी हुता का?
ठावं न्हाई.
तवापास्नं हायवेवरचा दर ट्रक
मला माझाच वाटतोय.'

बाहेर हायवे होताच. रोजचाच.
त्या दिवशी तो आम्हाला ऐकू आला.

लगेच काही बदललं असं नाही.
दोन दिवस लांबीचा डबा होता तिथंच होता.
तिसऱ्या दिवशी बलेसर, गोरखपूरचा, मिसरूड न फुटलेला,
एक ड्रम छातीशी धरून आला, टेबलावर ठेवला.
'यात हाय,' म्हणाला, आमच्याच बोलीत.
ताई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, 'कसं झालं, सांग.'
तो सांगू लागला: साचा ओला होता, मला घाई होती,
गावाकडून फोन आला होता, आई...
मी पेन घेऊन बसलेलो.
तीन बोटांत आई कुठं मावणार?

त्या महिन्यात रेघ चारावरून अकरावर गेली.
थोरले मालक दुपारचं जेवले नाहीत.
चाकणहून फोन आला. ताई तासभर बोलल्या,
मामाचं नाव न घेता घाट सांगितला.
पलीकडचा माणूस म्हणे बराच वेळ गप्प,
मग म्हणाला, उशिरा पाठवा, पण सांगून पाठवा.
दुसरं एक गिऱ्हाईक मात्र तुटलं.
तेही लिहून ठेवतो.

आता मंगळवारी लेडलभोवती दाटी होते.
सगळ्याच गोष्टी कामाच्या नसतात;
पांडू वडगावे तर सरळ थापा मारतो.
पण त्याच्या थापेतसुद्धा
धातू कुठं अडला ते कळतं.

रजिस्टर संपलं तेव्हा लक्ष्मीपुरीत छापखान्यात गेलो.
शेऱ्याचा रकाना अख्खं पान धरा, म्हटलं.
छापणारा चष्म्यावरून बघत राहिला.
'नापास मालाचंच रजिस्टर न्हवं हे?
एवढं काय लिवणार हाईसा?'

दुकानात दुसरं कुणी नव्हतं.
मी स्टूल ओढलं.