वाक्यात उपयोग करा

गुरुवारी रात्री न्यूलिनच्या बंदरावर धुकं उतरतं
आणि आमच्या कॅरॅव्हॅनमध्ये, बटाटे उकडताना,
शुक्रवारच्या चाचणीचे दहा शब्द.
डेन्झिल फोन मिठाच्या बरणीला टेकवतो.
फोनमधला तो, की ती? ते म्हणू. ते विचारतं,
तयार आहेस?
आणि खरंच थांबतं.

नऊ वर्षांचा आहे. वर्गात मोठ्यानं वाचायची पाळी आली
की त्याला हमखास शू लागते.
इथे मात्र वेन्सडेतला डी विसरला, पुन्हा विसरला,
पाचव्यांदा विसरला, तरी ते म्हणतं,
बरंच जवळ आलास, परत बघू.
त्याला सुस्कारा टाकता येत नाही
हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.
माझ्यात तो नाही. दिवसाला सात घरं पुसून आल्यावर
'अरे, किती वेळा सांगू' आपसूक निघतं तोंडातून,
झाकणाखालून वाफ निघावी तसं.

नेसेसरी त्यानंच सोपा केला:
शर्टाला कॉलर एक, म्हणून सी एक,
स्लीव्ह दोन, म्हणून एस दोन.
दुसऱ्या दिवशी कुणा लंडनवाल्याचा शर्ट इस्त्री करताना
मी तो शब्द तीनदा मनात लिहिला.
बाही, बाही, कॉलर. कुणी बघत नव्हतं.
गेल्या मे महिन्यात एका मालकिणीनं
टॉवेल संपल्याची माझी चिठ्ठी
लाल पेनानं दुरुस्त करून फ्रिजवर लावली होती.
टॉवेल आणले नव्हतेच.

आता वाक्यात उपयोग कर, ते म्हणतं.
डेन्झिल जीभ किंचित बाहेर काढून टाइप करतो,
मी पाठमोरी, बटाट्यात सुरी खुपसून बघत.
मला वाटायचं, लिहीत असेल
मांजर, फुटबॉल, खेकडे, असलं काही.
परवा तो झोपल्यावर
सगळं वर सरकवत सरकवत वाचलं.

व्हेकंट.
आई साफ करते ती घरं हिवाळाभर व्हेकंट असतात पण तिथले हीटर चालू असतात.

आयलंड.
त्या घरांत स्वयंपाकघरातसुद्धा आयलंड असतं. आमच्या टेबलाची घडी होते.

इनफ.
आई म्हणते इनफ आहे आणि मग जेवत नाही.

पहिल्या दोहोंखाली: छान वाक्य!
तिसऱ्याखाली: स्पेलिंग अगदी बरोबर.
मग एक ओळ मोकळी, आणि
हे तू आईला कधी बोलून दाखवलंयस का?
त्याखाली माझ्या लेकाचं उत्तर:
पुढचा शब्द.

खिडकीच्या काचेवर बटाट्यांची वाफ
अजून पाणी होऊन ओघळत होती.
राग आला, खोटं कशाला सांगू.
आधी त्या यंत्राचा, त्याला काय करायचंय.
मग कुणाचा, ते नीट कळेना.
इनफच्या शेवटी जी आणि एच का बसतात
मला शाळेत कधी उमगलं नाही;
मठ्ठ म्हणून मागच्या बाकावर गेले ती तिथलीच झाले.
वेन्सडेतला डी, आयलंडमधला एस,
मुकी अक्षरं.
बोलत नाहीत,
पण गाळलीत तर शब्द चुकतो.

ह्या गुरुवारी दोन ताटल्या मांडल्या.
माझ्या ताटलीत तीन बटाटे घेतले, मोजून,
त्याच्या डोळ्यांदेखत,
लोण्याचा शेवटचा तुकडा निम्मा केला
आणि सालासकट खायला लागले.
डेन्झिलनं फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.
मिठाची बरणी उचलून मला दिली.
फोन टेबलावर उताणा पडला,
तयार आहेस? म्हणत राहिला छताला.

तेवढे इनफ आहेत? त्यानं विचारलं.

माझं तोंड भरलेलं होतं.
एक बोट वर करून
मी त्याला थांबायला सांगितलं.