मागची बॅटरी

पाथर्डी फाट्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये
ह्यांनी दीड वर्ष लावून ट्रेलर बांधला.
दोन बर्थ, एक शेगडी, बारा व्होल्टचा फ्रिज,
खिडकीला मी शिवलेला पडदा, तेवढाच माझा.
सातपूरला एकतीस वर्षं मोटारींचं वाइंडिंग केलेला माणूस,
तांब्याशी बोलतो,
माझ्याशी हिशेब.

पहिल्यांदा निघालो पेठ रोडनं, एप्रिलात.
म्हणाले, गाडी पळेल तशी मागची बॅटरी भरेल,
आपल्याला काहीच करायचं नाही.
आपल्याला काहीच करायचं नाही:
हे वाक्य मी लग्नापासून ओळखते.

सावळघाट ओलांडून करंजाळीच्या पुढे मुक्काम.
रात्री अकराला फ्रिज एकदा कण्हला आणि थांबला.
सकाळी बोलेरोही गप्प.
मागचीनं रातोरात पुढचीलाही पिऊन टाकलं होतं.
ह्यांच्या इन्सुलिनची डबी
कौशी गावितच्या माठाला ओल्या फडक्यानं बांधली,
आणि पाड्यावरच्या सहा जणांनी
ट्रेलर सोडवून गाडी ढकलली.
जाताना कौशी म्हणाली,
घर सोबत घेऊन हिंडता,
मग घरी कोण असतं?
आम्ही दोघांनीही हात हलवला फक्त.

सारडा सर्कलच्या मागे इलियासभाईचं दुकान.
त्यानं आमची वायर चिमटीत धरली. हसला नाही, ते बरं केलं.
‘काका, पुढून चौदा निघतात,
मागे पोचेपर्यंत साडेबारा.
वायर बारीक, वाट लांब.
उरतं ते फ्रिज खातो.
बॅटरीच्या तोंडी काय लागणार?’
ज्याचं पोट एकतीस वर्षं तांब्यावर
त्याला तांबं कमी पडल्याचं दुसऱ्यानं सांगावं!
हे नुसते बघत राहिले.
मी स्टुलावर चहा घेत होते.
साडेबारा पोचतात म्हणजे
बरेच की, म्हटलं. मनात.

मग करंगळीएवढी लाल केबल,
दोन्ही टोकांना फ्यूज,
मध्ये काडेपेटीएवढा रिले.
इंजिन चालू तोवर जोडणार,
बंद झालं की टक् करून सोडणार.
‘म्हणजे काकू, थांबल्यावर
कुणी कुणाचं पिणार नाही.’

दुसऱ्या खेपेला मीटर माझ्या मांडीवर.
किती?
आरटीओपाशी तेरा एक.
किती?
रामशेजच्या पायथ्याला तेरा चार.
किती?
अहो, समोर बघा, टेम्पो आहे. तेरा पाच.
घरात आम्ही दिवसाला दहा-बारा वाक्यं वापरतो,
त्यातली चार दुधाची.
त्या दिवशी चाचडगावपर्यंत
नऊ वेळा आकडा सांगितला,
नऊ वेळा ‘बरं’ आलं,
आणि एकही बरं दुसऱ्यासारखं नव्हतं.
चढावर तेरा पॉइंट आठ झाले तेव्हा तर
ह्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली,
वाइंडिंग जमल्यावर मारत असतील तशी.
मी ती कधी पाहिली नव्हती.

परतताना ह्यांचा गुडघा क्लचला नाही म्हणाला.
लायसन्स माझ्या पर्समध्ये,
दोनदा रिन्यू केलेलं, एकदाही न दाखवलेलं.
चावी देताना म्हणाले, सावकाश, मागे वजन आहे.
मागे वजन असतं, माहीत आहे मला.

संध्याकाळी शेडपाशी आलो.
पहिल्या खेपेला ह्यांना चाळीस मिनिटं लागली होती
ट्रेलर उलटा आत घालायला,
शेजारची मुलं खुर्च्या टाकून बसली होती.
मी स्टिअरिंग उलट्या बाजूला दिलं,
थोडं सोडलं, पुन्हा दिलं,
आणि ट्रेलर शेडमध्ये शिरला,
म्हैस गोठ्यात शिरते तसा, न विचारता.
मोहाडीला भाऊंची ट्रॅक्टर-ट्रॉली
द्राक्षांच्या क्रेटसकट मीच मागे घ्यायचे.
हे बत्तीस वर्षांत निघालंच नव्हतं.

इंजिन बंद केलं.
मागे कुठंतरी टक्.
मीटर ह्यांच्या मांडीवर, आकडे हळूहळू उतरत होते.
किती? मी विचारलं.
ह्यांनी मीटरकडे बघितलंच नाही.
‘कधी शिकलीस?’