मेला

बस सुटायच्या आधीच ड्रायव्हर विस्टिन फोनवर म्हणाला,
"मेला, मेला."
मी दचकले. कोण?
तो तर हसत होता, एका हातानं गिअर टाकत,
दुसऱ्या हातात अर्धा पाव,
टोमॅटोचा रस मनगटावरून कोपरापर्यंत.
मागची म्हातारी म्हणाली, मेला.
फेरीबोटीत गाड्या लावणारा पोरगा म्हणाला, मेला.
अर्थ एवढाच: बरं. हो ना. तर मग.
सबंध बेट या एका शब्दावर
कोपर टेकून उभं आहे.

नकाशावर गोझो,
इथली माणसं म्हणतात आउदेश.
पहिलं अक्षर लिहितात, उच्चारत नाहीत.
आमच्या दिगूचं खरं नाव असंच,
रेशनकार्डावर होतं, कुणाच्या तोंडात नव्हतं.

बंदरात होड्यांच्या नाळेवर रंगवलेले डोळे,
निळ्यावर पिवळी भुवई.
त्यांनी मला पाहिलं. ओळख दाखवली नाही.

आर्ब गावात दारांच्या चाव्या बाहेरच, कुलपात.
कुणीही यावं, फिरवावी, आत जावं.
जूझानं खोली दाखवली: काम्रा.
साबण दिला: सापूना.
आणि चावेत्ता तिथेच असू दे, हातानं सांगितलं.
मी मान डोलावली. हे शब्द आमच्याकडे
कधीचे येऊन राहिलेत, भाडं न देता.
संध्याकाळी तिनं बकरीच्या चीजची एक चकती पुढे केली,
वर मिरी, खाली द्राक्षाचं पान,
आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली
परीक्षेला बसवल्यासारखी.

चर्चला दोन घड्याळं:
एक बरोबर, एक मुद्दाम चुकीचं,
सैतानाचा गोंधळ उडावा म्हणून.
मी चुकीच्या घड्याळाखालचा बाक निवडला.
तिथे सव्वातीन होते, आणि बराच वेळ सव्वातीनच.

दिगू शहाऐंशी साली आला होता या बाजूला,
जहाज गोदीत दुरुस्तीला, हा तीन महिने मोकळा.
एकच पोस्टकार्ड धाडलं. लाल वाळूचा किनारा.
मागे पेनानं: "ताई, हिला रामला म्हणतात. तू इथे रमशील.
पुढच्या खेपेला नेतो."
पुढची खेप कसली!
लहानपणी माझी पाटी पळवायचा, तेव्हा मी ओरडायची,
"मेला पुन्हा घेऊन गेला!"
दिवसातून दहादा मारायची त्याला, असं फुकट.
समुद्रानं त्याला काही केलं नाही.
चाळीस वर्षं बोटीवर काढून
सोसायटीच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर,
हातात भाजीची पिशवी.
मेथीची जुडी तळमजल्यापर्यंत गेली.
सगळे म्हणाले, गेला. वारला. सुटला.
मीही तेच म्हणत राहिले, आल्यागेल्याला.

वाळू खरंच लाल आहे, विटेच्या भुकटीसारखी.
भाजून निघालेली गोरी माणसं, छत्र्या,
एक पोरगं बादलीत समुद्र भरतंय.
चपला हातात घेऊन मी टोकापर्यंत चालले, परत आले.
रमले म्हणता येणार नाही.
पायाची जखम तेवढी चुरचुरली.

दुसऱ्या दिवशी श्वेनीची मिठागरं.
खडकात कोरलेले चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे,
फक्त सोंगट्या उन्हानं नेलेल्या.
चेन्सू झाडूनं मीठ लोटत होता,
आजोबांचे चौकोन, पणजोबांचे चौकोन,
पाठ त्या चौकोनांइतकीच जुनी.
विचारलं त्यानं, एकटीच?
माझ्या मोडक्या इंग्रजीत मी म्हटलं,
भाऊ आणणार होता.
मग कुठे आहे?

इंग्रजी शब्द शोधायला गेले
आणि तोंडाला आला तोच, पाटी पळवणाऱ्याचा:
"मेला."

चेन्सूनं मान हलवली,
झाडू खडकाला टेकवला,
आणि तर मग पुढे काय, ते ऐकायला
थांबून राहिला.